कॉपी ओरिजिनल आहे

खोटी जर्सी ओळखायची एक हुकमी खूण सांगतो: तिच्यात सगळं असतं.

बोधचिन्ह असतं, तारे असतात, खांद्यावर पट्टे असतात, छातीवर प्रायोजक असतो, पाठीवर कोहली असतो, आणि गळ्याला लटकणारा टॅग तर खऱ्यापेक्षा जाड असतो. होलोग्रामही असतो आणि तो जरा जास्तच चमकतो. खोट्याला स्वतःला सिद्ध करायचं असतं, त्यामुळे कागदपत्रांच्या बाबतीत ते हयगय करत नाही. हयगय करणं खऱ्यालाच परवडतं.

सामन्याच्या दिवशी चर्चगेटला उतरून वानखेडेकडे चालू लागलात की फूटपाथवर निळा समुद्र लागतो. गालावर तिरंगा रंगवणारा, पिपाण्या विकणारा आणि त्यांच्या मधे खांद्यावर जर्स्यांची चळत घेतलेला पोरगा. दोनशे, अडीचशे, टॉस झाल्यावर दीडशे. त्याला एक गिऱ्हाईक विचारतं, "ओरिजिनल आहे का रे?" तो अजिबात गडबडत नाही. "ओरिजिनल पाहिजे तर मॉलमध्ये जा साहेब. ही कॉपी आहे. पण कॉपी ओरिजिनल आहे."

इतकं प्रांजळ निवेदन शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकातही सापडत नाही.

शिवाय त्याच्या धंद्यात दर्जा सांभाळला जातो. फर्स्ट कॉपी वेगळी, मास्टर कॉपी वेगळी, साधी कॉपी वेगळी. "पलीकडच्याकडून घेऊ नका, तो फर्स्ट कॉपी सांगून तिसरी देतो," असा इशाराही मिळतो. म्हणजे डुप्लिकेटमध्येही डुप्लिकेट निघू शकतं, आणि त्याची चीड फक्त डुप्लिकेटवाल्यांनाच आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही मॉलमध्येच जातो. जा. तिथे वर्गवारी नाही असं वाटतंय की काय? जून २०२३मध्ये ॲडिडासने भारतीय संघाची जर्सी आणली तेव्हा खेळाडू घालतात ती ४,९९९ रुपयांना, तिची प्रतिकृती २,९९९ला आणि चाहत्यांसाठीची ९९९ला, अशी मांडणी होती. पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि चालू डबा. तिन्हींवर कंपनीचं नाव, तिन्हींचं पक्कं बिल. म्हणजे कॉपी काढायला कंपनीची हरकत नाही. ती दुसऱ्याने काढू नये, एवढंच तिचं म्हणणं आहे.

आता खरी गंमत. फुटबॉलमध्ये बड्या कंपन्यांची रीत अशी की खेळाडूंच्या जर्सीवरचं बोधचिन्ह बहुतेक वेळा उष्णतेने चिकटवलेलं, पातळ, रबरासारखं असतं. कारण भरतकामाने वजन वाढतं आणि घामाने ओलं झालं की आतून टोचतं. चाहत्यांच्या प्रतिकृतीवर मात्र छान दोऱ्याने भरलेलं बोधचिन्ह असतं, कारण चाहता घामासाठी घेत नाही, फोटोसाठी घेतो. आपला मराठी ग्राहक दुकानात जातो, दोन्ही हातात घेतो, चिकटवलेल्यावर नख मारून बघतो आणि निकाल देतो, "हे स्टिकर आहे, हे डुप्लिकेट. ते भरलेलं बघ, ते ओरिजिनल." जास्त किमतीची खरी बाजूला आणि तिची प्रतिकृती पिशवीत. नख मारून बघण्याची परंपरा आपल्याकडे नारळापासून सागवानापर्यंत चालते, पॉलिस्टरपाशी ती थकते.

त्यात खेळाडूंची जर्सी खेळाडूंच्या मापाची. पोटाशी घट्ट. पोट असलेल्या माणसाने ४,९९९ रुपये मोजून स्वतःचं पोट जाहीर करावं, यापेक्षा ९९९ची सैल जर्सी केव्हाही सुज्ञ.

बरं, ज्यांना खरोखर पारख करायची आहे त्यांनी पुढून बघूच नये. पुढची बाजू दाखवण्यासाठी केलेली असते. जर्सी उलटी करा. आतून बोधचिन्हाची मागची बाजू बघा: दोरे एकमेकांत गुंतून लोंबताहेत, खालचं पांढरं कागदी अस्तर अर्धवट फाडून तसंच ठेवलंय, तर समजा की कारागिराला पुढच्या पन्नास नगांची घाई होती. शिलाई बघा. खांद्याच्या सांध्याला पट्टा पुढून मागे जाताना तुटतो का, तेही बघा. कापणाऱ्याने कापड जुळवलं नसेल तर पट्टा खांद्यावर येऊन लोकलसारखा रूळ बदलतो. मग कुशीला, आतल्या शिवणीत, धुण्याच्या सूचनांची पांढरी चिठ्ठी असते. ती वाचा. आयुष्यात कोणीही न वाचलेलं साहित्य म्हणजे ही चिठ्ठी, आणि बनावटवाला नेमका इथेच मार खातो. कारण त्यालाही वाटतं, कोण वाचतंय!

तिथेच बारीक अक्षरात मालाचा क्रमांक असतो. ॲडिडासचा साधारण दोन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे असा. तो मोबाइलवर शोधायचा. खऱ्या जर्सीचा क्रमांक टाकला की तीच जर्सी समोर येते. खोटीचा टाकला की कुठल्या तरी परदेशी क्लबची लाल जर्सी, नाहीतर बायकांची ट्रॅक पँट. कारण बनावटवाल्याने एकदा एक चिठ्ठी छापून घेतली आणि मग भारत, अर्जेंटिना, रेआल माद्रिद, सगळ्यांना तीच शिवली. वसुधैव कुटुंबकम्.

कापडाचं काय, असं विचाराल तर तिथे फार अभिमान बाळगू नका. डॉट निट, राइस निट ही जाळीदार पॉलिस्टर कापडं, त्यावर सब्लिमेशनची छपाई. आधी कागदावर नक्षी छापायची, कागद कापडावर ठेवायचा आणि सुमारे २०० अंशांच्या दाबयंत्रात घालायचा. शाईची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. म्हणून रंग हाताला लागत नाही आणि आतली बाजू पांढुरकी राहते. ज्या यंत्रातून सकाळी रोहित शर्मा निघतो, त्याच यंत्रातून दुपारी "भावी नगरसेवक चषक" निघतो, आणि संध्याकाळी गोविंदा पथकाचे टी-शर्ट. भावी नगरसेवकाचा फोटो मात्र नेहमी ओरिजिनल असतो, फक्त वीस वर्षांपूर्वीचा.

ताऱ्यांचंही बघा. बोधचिन्हावरचे तारे म्हणजे जिंकलेले विश्वचषक, एवढं सगळ्यांना ठाऊक. पण कुठले? २०११नंतर कितीतरी वर्षं तीन तारे होते: १९८३, २००७, २०११. मग ॲडिडासच्या काळात प्रकार वेगळे झाले. २०२३च्या एकदिवसीय विश्वचषकाच्या जर्सीवर दोनच तारे, १९८३ आणि २०११चे. टी-ट्वेंटीच्या जर्सीवर २००७चा एक, आणि २०२४मध्ये बार्बाडोसला जिंकल्यावर दुसरा. आता नाक्यावर उभं राहून जर्सीवरचे तारे मोजणारा माणूस आधी पंचांग घेऊन बसला पाहिजे. २०२४मध्ये तीन तारे दिसले की "जुनी खरी" किंवा "नवी खोटी" यातलं काहीही असू शकत होतं. ४ जुलै २०२४ला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली, तेव्हा त्या लाखोंच्या गर्दीत एक तारा, दोन तारे, तीन तारे सगळे एकमेकांना खेटून उभे होते. कोणी कोणाला बिल विचारलं नाही.

ताऱ्यांपेक्षा छातीवरचा प्रायोजक जास्त बोलका. त्यावरून जर्सीचं वय कळतं आणि देशाच्या अर्थव्यवस्थेची नाडीसुद्धा. सहारा: मालक तुरुंगात जाऊन आले. मग स्टार, मग ओप्पो. मग बायजूज: कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली, आणि नेणारं क्रिकेट मंडळच होतं, १५८ कोटींहून अधिक थकबाकीसाठी. ज्यांच्या नावाने पोरांचा अभ्यास होणार होता त्यांचा हिशेब मंडळाने घेतला. मग ड्रीम इलेव्हन: ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि प्रायोजक एका आठवड्यात गायब. सप्टेंबरच्या आशिया चषकात भारतीय संघ छातीवर नुसतं देशाचं नाव घेऊन उतरला.

तेव्हाची अवस्था आठवा. मैदानावर खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या जर्सीवर प्रायोजक नाही, आणि इकडे फूटपाथवर पोराच्या खांद्यावरच्या जर्सीवर ड्रीम इलेव्हन दिमाखात. त्याच्याकडे जुना साठा होता. दोन जर्स्या शेजारी ठेवून कोणालाही विचारलं असतं, यातली अपुरी, घाईची, नकली कुठली? बोट थेट भारतीय संघाकडे गेलं असतं. पुढे अपोलो टायर्सने साधारण ५७९ कोटींत ती जागा भरली. टायरवाल्यांना खड्डा भरायचा अनुभव असतोच.

याहून मजेशीर प्रकार जानेवारी २०२३मध्ये झाला. जर्सी बनवणाऱ्या एमपीएल स्पोर्ट्सने मधेच हक्क सोडले आणि काही महिन्यांपुरता भारतीय संघाच्या जर्सीवर किलर या जीन्सवाल्यांचा छाप आला. ३ जानेवारीला याच वानखेडेवर हार्दिक पंड्याचा संघ श्रीलंकेविरुद्ध ती घालून उतरला. आज ती जर्सी कोणी घालून आलं तर सोसायटीतली पोरं पोट धरून हसतील. "काका, क्रिकेटच्या जर्सीवर जीन्सची कंपनी! कितीला फसलात?" काकांनी कसं सिद्ध करावं? पाठीवर लिहून घ्यावं?

पाठीवरून आठवलं. ३१ ऑगस्ट २०१७ला कोलंबोत पालघरच्या शार्दुल ठाकूरने भारताकडून एकदिवसीय पदार्पण केलं. पाठीवर दहा. जन्मतारखेच्या बेरजेतून, अंकशास्त्राने आलेला दहा. जर्सी अधिकृत, खेळाडू अधिकृत, सामना अधिकृत, नंबर मंडळाने दिलेला. आणि देशभर ओरड, की हा नंबर तेंडुलकरचा, तुझा नाही, काढ! मंडळाने मग दहा आकडा गुपचूप बासनात बांधला, शार्दुल चोपन्नवर गेला. भारतीय क्रिकेटच्या इतिहासात डुप्लिकेट म्हणून इतक्या एकमताने नाकारली गेलेली ही एकमेव ओरिजिनल जर्सी. आणि नाकारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या कपाटात दीडशे रुपयांचा "तेंडुलकर १०" घडी करून ठेवलेला होता.

खरी म्हणजे कुठली, या प्रश्नाचं सगळ्यात तिखट उत्तर फुटबॉलने देऊन ठेवलंय, आणि दोनदा.

पहिलं १९७४चं. पश्चिम जर्मनीतला विश्वचषक. नेदरलँड्सच्या संघाची नारिंगी जर्सी ॲडिडासची, बाहीवर तीन काळे पट्टे. कर्णधार योहान क्रायुफचा करार मात्र प्युमाशी. ॲडिडास एका भावाची, प्युमा दुसऱ्या भावाची, दोघे डासलर बंधू, एकाच जर्मन गावातले, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे. आपल्याकडे बांधावरून होतं ते तिकडे बुटांवरून. क्रायुफने तीन पट्टे घालायला साफ नकार दिला. शेवटी त्याच्यापुरता एक पट्टा काढला. संघातले सगळे तीन पट्ट्यांत आणि जगातला त्या वेळचा सगळ्यात देखणा खेळाडू दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्यांची ॲडिडास! फॅशन स्ट्रीटवर ही जर्सी दिसली असती तर आपण विक्रेत्याला म्हणालो असतो, "अरे, नकली विकायची तर पट्टे तरी मोजून लाव."

दुसरं उत्तर २२ जून १९८६चं, आणि ते या विषयातलं बावनकशी सोनं आहे.

मेक्सिकोतला विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. अर्जेंटिनाला निळी, पर्यायी जर्सी घालून उतरायचं होतं. ती जाड सुती. आधीच्या उरुग्वेविरुद्धच्या सामन्यात ती पाणी पिऊन जड झाली होती, आणि आता तर मेक्सिको सिटीतली भर दुपार. प्रशिक्षक कार्लोस बिलार्दोने हलकी जर्सी मागितली. कंपनी ल कॉक स्पोर्तिफ. वेळ नाही, माल नाही. मग संघाचा एक माणूस शहरातल्या दुकानांत हिंडला आणि त्याच कंपनीच्या दोन प्रकारच्या निळ्या जर्स्या नमुन्याला घेऊन आला. कुठली घ्यायची, यावर खल चाललेला असताना माराडोना तिथून गेला, त्याने एकीकडे बोट दाखवलं आणि ही घाला, हिच्यात इंग्लंडला हरवू, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला असं सांगतात. दुकानातून जर्स्या आल्या. त्यांवर अर्जेंटिनाच्या महासंघाचं बोधचिन्ह नव्हतंच. ते घाईघाईत बनवून शिवलं. घाईत बोधचिन्हावरची पानांची माळ राहून गेली. नंबर? फुटबॉलचे नंबर मिळेनात, म्हणून अमेरिकन फुटबॉलचे चंदेरी, चमचमणारे आकडे आणून इस्त्रीने चिकटवले.

आता जरा पारखी नजरेने बघा. दुकानातून उचललेला माल. बोधचिन्ह चुकीचं. आकडे भलत्याच खेळाचे, तेही चमकीचे. आपल्या यादीतली प्रत्येक खूण या जर्सीला लागू पडते. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतही हिला कोणी साठाच्या वर भाव दिला नसता.

याच जर्सीत माराडोनाने पहिला गोल हाताने केला आणि चार मिनिटांनी दुसरा असा केला, की निम्मं इंग्लंड वाटेत आडवं झालं. एक गोल शंभर टक्के नकली, दुसरा शंभर टक्के अस्सल, आणि दोन्ही एकाच बनावट दिसणाऱ्या कपड्यात. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी जर्सी बदलली. हा तोच हॉज, ज्याने चेंडू उलटा आपल्याच गोलरक्षकाकडे उडवला आणि माराडोनाच्या हाताची सोय केली. हॉजने ती सांभाळली, पुढे मँचेस्टरच्या संग्रहालयात ठेवायला दिली, आणि मे २०२२मध्ये सदबीजच्या लिलावात ती विकली गेली. ७१ लाख पौंडांहून जास्त. त्या दिवसापर्यंत खेळातल्या कुठल्याही वस्तूला लिलावात एवढा भाव आला नव्हता.

आणि इथेही "ओरिजिनल आहे का रे?" हा प्रश्न सुटला नाहीच. माराडोनाच्या मुलीने सांगितलं, ही ती नव्हेच, ही पहिल्या हाफमधली. गोल दुसऱ्या हाफमध्ये झाले, तेव्हाची जर्सी वेगळी. मग सदबीजने जुने फोटो मोठे करून जर्सीच्या पट्ट्यांशी, आकड्यांच्या कडांशी, बोधचिन्हाच्या टाक्यांशी ताडून पाहिले आणि ही दुसऱ्या हाफचीच असा निर्वाळा दिला. ताडून कशामुळे पाहता आलं? घाईमुळे. हाताने चिकटवलेला आकडा प्रत्येक जर्सीवर किंचित वेगळा बसतो. कारखान्यातून सगळ्या एकसारख्या आल्या असत्या तर कुठली पहिल्या हाफची आणि कुठली दुसऱ्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

हे सगळं मी कोल्हापुरात कधी बोलणार नाही. तिथे विश्वचषक आला की चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात, आणि पोरांच्या अंगावरच्या जर्स्या कुठून आल्या हे विचारणं असभ्य मानलं जातं. तिथली खरी वैरं वेगळी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार समोरासमोर आले की कोणाच्या अंगावर कुठला रंग आहे एवढंच बघतात. कापड कुठलं, हे बघायला कोणाला सवड नसते.

कायदा मात्र अशी भावुकता ठेवत नाही. "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सिंधी भाषेच्या आधाराने एक बचाव तर दिल्ली उच्च न्यायालयातही उभा राहिला. ॲडिडास हेच नाव कापडाला वापरणाऱ्या एका व्यापाऱ्याने सांगितलं, की सिंधीत मोठ्या बहिणीला "अदी" म्हणतात, माझी बहिणीवर फार भक्ती, मी तिचा दास, म्हणून अदीदास. जर्मनीतल्या आदी डासलरने १९४९मध्ये स्वतःचं नाव आणि आडनाव जोडून कंपनी काढली, त्यात बहिणीवरची भक्ती कुठे होती? तरी जुलै २०२४मध्ये न्यायालयाने ही हृद्य कहाणी ऐकून घेतली, नाव वापरायला मनाई केली, वर नुकसानभरपाई आणि खर्च लावला. रक्षाबंधनाच्या महिनाभर आधी.

ट्रेडमार्क कायदा १९९९चा. बनावट माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घालणाऱ्याला काही नाही, तो आपल्या कर्माने पहिल्या धुण्यातच शिक्षा भोगतो. छापा घालायचा तर उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी चालत नाही, आणि जप्तीच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. म्हणजे अडीचशे रुपयांच्या जर्सीसाठी एक वरिष्ठ पोलीस अधिकारी आणि एक केंद्रीय कार्यालय. तोवर फूटपाथवरच्या पोराने प्लास्टिकची चार टोकं धरून बोचकं केलेलं असतं आणि तो चर्चगेटच्या सबवेत उतरलेला असतो.

पण समजा, सापडला. मग पंचनामा होतो. दोन पंच, त्यांच्या सह्या, "निळ्या रंगाचे बनावट टी-शर्ट, नग इतके", लाखेचं सील, मुद्देमाल क्रमांक. मॉलमधल्या ४,९९९वाल्याला नुसतं बिल मिळतं. साक्षी-पुराव्यानिशी, सही-शिक्क्यानिशी, आपण नेमके कोण आहोत याचा सरकारी दाखला असलेली जर्सी अख्ख्या मुंबईत एकाच ठिकाणी मिळते: पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत. आणि ती विकायला नाही.